हात न लावता उघडणारे झाकण

केराचा डबा हा एखाद्या लेखाचा विषय होऊ शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शाळेच्या वार्षिकात ग्रहगोलांवर लेख येतात, ज्वालामुखीवर येतात, अवकाशयानांवर तर हटकून येतात. पण वर्गाच्या दाराशी वर्षभर निमूटपणे उभ्या असलेल्या डब्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे, भाषेचा शिक्षक आहे. तथापि पायाने दाबताच उघडणाऱ्या आणि हात नुसता पुढे करताच उघडणाऱ्या झाकणांची घडण मी कुतूहलापोटी पाहिली, तेव्हा त्यात भौतिकीच्या पाठ्यपुस्तकातील निदान दोन प्रकरणे दडून बसलेली आढळली. ती उलगडून दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

मुळात ही अडचण कोठून आली, ते आधी पाहू. केर उघडा ठेवला तर माशा बसतात, दुर्गंधी सुटते, कावळे आणि कुत्री तो विस्कटून टाकतात. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक संकट असते. उघड्या डब्यात आणि त्यातील करवंट्यांत व पेल्यांत पाणी साठते. डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणून डब्यावर झाकण हवेच. पण झाकण घातले की ते उघडणे आले, आणि डब्याचे झाकण ही तर शेकडो हातांनी हाताळलेली, कधी खरकट्याने माखलेली वस्तू. परिणाम काय होतो, तो कोणत्याही शाळेच्या पडवीत दिसतो. डबा रिकामा असतो आणि केर त्याच्या शेजारी पडलेला असतो! याला आपण मुलांचा आळस म्हणतो. पण त्यात आळसापेक्षा किळस अधिक असते, असे माझे मत आहे. आमच्या बोलीत केराला ‘कोयर’ आणि झाकणाला ‘धांपणें’ म्हणतात. कोयर टाकायला गेलेले मूल धांपण्याला हात लावण्याच्या कल्पनेनेच माघारी वळते. झाकण सदैव मिटलेले हवे आणि उघडताना त्यास हात लागता कामा नये, अशा या दोन परस्परविरोधी मागण्या आहेत.

हातावाटे रोग पसरतो ही गोष्ट आज आपल्याला इतकी सरावाची झाली आहे, की ती एके काळी वादाचा विषय होती यावर विश्वास बसत नाही. १८४७ साली व्हिएन्ना येथील रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी एक नियम घातला. शवविच्छेदन करून प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावाचून बाळंतिणींना तपासू नये, असा तो नियम होता. प्रसूतिगृहातील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. जंतूंचा सिद्धान्त तोवर प्रस्थापित झालेला नव्हता, आणि त्यामुळे अनेक समकालीनांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. हात स्वच्छ ठेवण्याचे महत्त्व पटल्यावर मात्र, धुतलेला हात पुन्हा मळू नये यासाठी काय करावे, हा प्रश्न ओघानेच पुढे आला. रुग्णालयात नळ कोपराने उघडण्याची सोय झाली, दारे खांद्याने ढकलता येतील अशी झाली आणि केराचा डबा पायाच्या ताब्यात गेला.

पायाने उघडणाऱ्या डब्याच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः लिलियन गिलब्रेथ (१८७८ ते १९७२) या अमेरिकन विदुषीला दिले जाते. त्या आणि त्यांचे पती फ्रँक हे दोघे कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करीत. एक वीट रचताना गवंडी १८ हालचाली करतो, त्या जेमतेम ५ वर आणता येतात, हे फ्रँक यांनी दाखवून दिले होते. १९२४ साली पतीचे आकस्मिक निधन झाले. बारा अपत्यांची माता असलेल्या लिलियनबाईंवर संसाराचा सर्व भार पडला, आणि एका स्त्रीचा सल्ला घेण्यास कारखानदार कचरू लागले. तेव्हा त्यांनी आपला मोर्चा स्वयंपाकघराकडे वळविला. गृहिणीला ओट्यापासून कपाटापर्यंत किती पावले टाकावी लागतात, किती वेळा वाकावे लागते, हे त्यांनी मोजून काढले. दोन्ही हात पिठाने भरलेले असताना केराचा डबा उघडावयाचा कसा, हा त्याच अभ्यासातील एक प्रश्न. त्याचे उत्तर म्हणजे पायाने दाबावयाची पट्टी. पुढे १९३९ साली डेन्मार्कमध्ये होल्गर नील्सन या धातुकाम करणाऱ्या कारागिराने आपल्या पत्नीच्या केशभूषेच्या दुकानासाठी असाच एक भक्कम डबा घडविला. तो पाहून दंतवैद्य आणि डॉक्टर आपल्या दवाखान्यांसाठी तसेच डबे मागू लागले.

हात गुंतलेले असता पायाला कामाला लावण्याची युक्ती आपल्याला काही नवी नाही. संगीत नाटकांच्या साथीला असणारी पायपेटी आठवा. वादकाचे पाय भाता हलवितात, म्हणून त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. शिंप्याचे यंत्र पायाने चालते, म्हणून त्याला दोन्ही हातांनी कापड सरकविता येते. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा दुकानांच्या आणि कार्यालयांच्या दाराशी जंतुनाशकाच्या बाटल्या ठेवलेल्या लोखंडी चौकटी उभ्या राहिल्या. खालची पट्टी पायाने दाबली की वरची बाटली दाबली जाऊन हातावर द्रव पडे. त्यांपैकी कित्येक चौकटी गावोगावच्या लोखंडकामाच्या दुकानांत तयार झाल्या होत्या. त्या करणाऱ्या कारागिरांना तरफेचे नियम कोणी शिकविण्याची आवश्यकता भासली नाही.

आता यंत्रणेकडे वळू. पायाने उघडणारा डबा उलटा करून पाहिला, तर त्याच्या तळाखाली पुढून मागे जाणारी एक पट्टी दिसते. पट्टीचे पुढचे टोक डब्याबाहेर आलेले असते. त्यावर आपण पाय ठेवतो. पट्टी मधे एका खिळीवर टेकलेली असते. हा झाला टेकू. म्हणजे ही पट्टी पहिल्या प्रकारची तरफ आहे. एका टोकाला बल, दुसऱ्या टोकाला भार, मधे टेकू. मुलांचा सीसॉ किंवा विहिरीवरची पाणी काढण्याची लाट हीही याच जातीची. पुढचे टोक खाली गेले की मागचे वर येते. मागच्या टोकात एक जाड तार अडकविलेली असते. ती डब्याच्या पाठीमागून सरळ वर जाऊन झाकणाला टेकते.

खरी गंमत आहे ती या तारेचे वरचे टोक झाकणाला कोठे टेकते, यात. ते झाकणाच्या मध्यभागी टेकत नाही. बिजागरीच्या अगदी जवळ, दोन-अडीच सेंटिमीटरांवर टेकते. म्हणजे झाकण ही स्वतःच दुसरी एक तरफ झाली. बिजागरी हा टेकू, त्याच्या निकट तारेचे बल आणि त्यापलीकडे झाकणाचे वजन. ही तिसऱ्या प्रकारची तरफ होय, चुलीवरच्या चिमट्यासारखी. तिच्यात बल अधिक लागते, पण हालचाल पुष्कळ मिळते. येथे आपल्याला हवी असते तीच.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, झाकणाचे वजन ३०० ग्रॅम आहे आणि बिजागरीपासून पुढच्या कडेपर्यंत त्याची लांबी ३० सें.मी. आहे. त्याचे वजन मध्यभागी, म्हणजे १५ सें.मी.वर एकवटले आहे असे मानता येईल. तार बिजागरीपासून २.५ सें.मी.वर टेकते. १५ ला २.५ ने भागले की ६ येतात. म्हणून झाकण उचलण्यास तारेने ३०० च्या सहापट, म्हणजे १,८०० ग्रॅम वजनाइतका जोर लावला पाहिजे. आता खालच्या पट्टीत टेकूपासून पाय ८ सें.मी.वर आणि तार १२ सें.मी.वर आहे असे धरू. तर पायाने १,८०० च्या दीडपट, म्हणजे २,७०० ग्रॅम, अर्थात पावणेतीन किलोच्या आतबाहेर जोर लावावा लागेल. ३०० ग्रॅमचे झाकण उचलण्यासाठी २,७०० ग्रॅमचा जोर, म्हणजे नऊपट! हा तोट्याचा व्यवहार झाला, असे कोणास वाटेल. पण दुसरी बाजू पाहा. झाकण ८० अंशांतून वळते, तेव्हा तार केवळ अडीच सें.मी. वर जाते आणि पाय तर पावणेदोन सें.मी.हूनही कमी खाली जातो. उलट झाकणाची पुढची कडा सुमारे ४२ सें.मी.चा वळसा घेते. पायाला जोराची वाण नाही. दहा वर्षांचे मूल आपल्या देहाच्या भारानेच तेवढा जोर सहज देऊ शकते. पायाला वाण आहे ती उंच उचलण्याची. म्हणून या यंत्रात जोर खर्चून अंतर विकत घेतले आहे. जेवढी ऊर्जा पाय देतो तेवढीच, घर्षणाची तूट वजा जाता, झाकणाला मिळते. निसर्ग येथे एक पैचीही सूट देत नाही.

झाकण ८० अंशांवरच का थांबवितात, ९० किंवा १०० अंशांपर्यंत का जाऊ देत नाहीत, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. झाकण उभ्या रेषेच्या पलीकडे गेले तर त्याचे वजन मागच्या बाजूला पडेल आणि पाय काढल्यावर ते मिटणारच नाही. मिटविण्याचे काम कोणत्याही कमानीवाचून केवळ गुरुत्वाकर्षण करते. मात्र त्याला संधी मिळावी म्हणून झाकण सदैव थोडे पुढे झुकलेले राहिले पाहिजे. डबा भिंतीला अगदी चिकटवून ठेवला तर झाकणाचा मागचा काठ भिंतीला घासतो आणि यंत्रणा बिचारी निष्कारण बदनाम होते.

स्वस्त डब्यांचे झाकण धाडकन आपटते. चांगल्या डब्यांत ते सावकाश, एखाद्या वृद्ध गृहस्थाने बसावे तसे, खाली येते. त्यासाठी तारेला किंवा बिजागरीला एक छोटी नळी जोडतात. तिच्यात एक दट्ट्या असतो आणि दट्ट्यामागची हवा अगदी बारीक छिद्रातूनच बाहेर पडू शकते. इंजेक्शनच्या रिकाम्या पिचकारीच्या तोंडावर बोट ठेवून दांडा ढकलून पाहा, म्हणजे हवा किती चिवटपणे विरोध करते ते कळेल. कित्येक डब्यांत हवेऐवजी दाट तेल वापरतात. वेग जितका जास्त तितका विरोध जास्त, हा या नळीचा गुण. म्हणून हळू मिटणाऱ्या झाकणाला ती अडवीत नाही, फक्त आपटणाऱ्याला आवरते.

दुसऱ्या जातीच्या झाकणाला पायही लावावा लागत नाही. त्याच्यासमोर हात धरला की ते आपोआप उघडते आणि काही सेकंदांनी आपोआप मिटते. लहान मुलांना त्यात जादू वाटते, आणि मोठी माणसेही पहिल्या दिवशी उगाच दोन-चार वेळा हात पुढे करून पाहतात! या दोन जातींतील मूलभूत भेद असा. पायाच्या डब्यात उघडण्याची सूचनाही पायच देतो आणि बळही पायच पुरवितो. या डब्यात हात फक्त सूचना देतो. बळ विजेचे असते. सूचना आणि बळ यांची अशी फारकत झाली की मधे एक निरोप्या लागतो. तो निरोप्या म्हणजे प्रकाश, आणि तोही डोळ्यांना न दिसणारा.

१८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन त्याचे रंग वेगळे केले आणि एकेका रंगात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. या अदृश्य किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. डब्याच्या झाकणापाशी काळसर काचेआड दोन बारीक घटक बसविलेले असतात. एक अवरक्त किरण सोडणारा दिवा, दुसरा ते टिपणारा डोळा. दोघेही बाहेरच्या दिशेला तोंड करून शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यामधे आडोसा असल्यामुळे दिव्याचा प्रकाश परस्पर डोळ्यात शिरत नाही. समोर काही नसेल तर किरण दूर निघून जातात. हात आला की त्यावर आपटून काही किरण परततात आणि डोळ्याला मिळतात. हात जितका दूर, तितके परतणारे किरण झपाट्याने क्षीण होत जातात. म्हणून वीतभर अंतरावरचा हात डब्याला ‘दिसतो’ आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाची भिंत दिसत नाही. दूरदर्शन संचाचा रिमोट याच जातीच्या किरणांनी चालतो. त्याचे टोक भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. बहुतेक कॅमेऱ्यांतून एक फिकट जांभळट ठिणगी लुकलुकताना दिसते. डोळ्यांना मात्र तेथे काळोखच असतो.

‘लुकलुकताना’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण विपुल असतात. मग खिडकीतून ऊन आले की डबा सारखा उघडझाप का करीत नाही? कारण त्याचा दिवा सतत तेवत नाही. ठरावीक तालावर पेटतो आणि विझतो. डोळ्यामागची इवलीशी संगणकीय चकती दिवा पेटला असतानाचा आणि विझला असतानाचा प्रकाश ताडून पाहते. ऊन दोन्ही वेळा सारखेच असते, म्हणून ते वजा होते. परत आलेला स्वतःचा प्रकाश तेवढा शिल्लक राहतो. जत्रेच्या कोलाहलातही आई आपल्या मुलाची हाक ओळखते, तशातला हा प्रकार आहे. तथापि थेट ऊन डोळ्यावरच पडले तर तो दिपून जातो आणि डबा हाताला दाद देत नाही. काळ्या कापडावरून पुष्कळदा किरण फारसे परतत नाहीत. काचेवर धूळ किंवा तेलकटपणा साचला तरी घोटाळा होतो. आणि डब्याला हात कोणता, मांजराची शेपटी कोणती, हे काही कळत नाही. जवळून कोणी गेले की तो उगाचच जांभई देतो.

सूचना मिळताच एक छोटी मोटार फिरू लागते. ती अतिशय वेगाने पण अल्प जोराने फिरते. म्हणून मधे दंतचक्रांची माळ घालतात. लहान चक्र मोठ्या चक्राला फिरविते, वेग उतरतो आणि जोर वाढतो. पायाच्या डब्यात जोर देऊन अंतर घेतले होते; येथे वेग देऊन जोर घेतला आहे. सौदा उलट दिशेचा, नियम तोच.

विजेचा हिशेब तर अधिकच मनोरंजक आहे. वर घेतलेले ३०० ग्रॅमचे झाकण उघडण्यास प्रत्यक्षात अर्ध्या ज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते. पण डबा हाताची वाट पाहत रात्रंदिवस जागा असतो. समजा, ६ व्होल्टच्या घटमालेतून या पहाऱ्यासाठी केवळ १०० मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा दहा हजारावा हिस्सा, प्रवाह वाहतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर सुमारे ५२ ज्यूल ऊर्जा नुसत्या जागरणात जाते. तेवढ्यात ते झाकण १२० वेळा उचलता आले असते! मोटार आणि दंतचक्रे यांतील नासाडीमुळे पाचपट ऊर्जा लागते असे मानले, तरी २४ वेळा. म्हणून हा पहारेकरी डोळे सतत उघडे ठेवीत नाही. सेकंदातून काही वेळा क्षणभर डोळा उघडतो, पाहतो आणि पुन्हा मिटतो. आपण हात पुढे केल्यावर किंचित उशीर लागतो, त्याचे एक कारण हेच.

शाळेसाठी यांतील कोणता डबा घ्यावा, असे मला कोणी विचारले तर मी पायाचाच सांगेन. आमच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत घटांच्या टोकांवर पाहता पाहता गंज चढतो. घट संपले की जादूचे झाकण साधे झाकण होते आणि पुन्हा हातानेच उघडावे लागते. संपलेले घट हाही एक केरच आहे, आणि तो साध्या केरात टाकण्याजोगा नसतो. परंतु ज्याचा पाय अधू आहे, जो चाकांच्या खुर्चीत बसून येतो, त्याला पायाची पट्टी काय उपयोगाची? त्याच्या दृष्टीने अवरक्त डोळ्याचा डबा ही चैन नव्हे. अशा विद्यार्थ्याच्या वर्गात तोच असावा.

आणखी एका व्यक्तीचा विचार या दोन्ही यंत्रांच्या रचनेत पुरेसा झालेला नाही. ती व्यक्ती म्हणजे डबा रिकामा करणारी. तुमचा आमचा हात झाकणाला लागत नाही. पण सफाई कामगार बाईंना आतली बादली काढण्यासाठी झाकण हाताने धरावे लागते, बादलीची कडी केरातून शोधावी लागते, आणि ओले-सुके एकत्र टाकलेले असेल तर ते हातानेच वेगळे करावे लागते. म्हणून डबा विकत घेताना झाकण उघडे ठेवणारा अटकाव आहे की नाही आणि आतल्या बादलीची कडी काठाबाहेर राहते की नाही, हे अवश्य पाहावे. त्यांच्यासाठी रबरी हातमोजे आणावेत, हे तर सांगावयासही नको. आणि ओल्या केरासाठी व सुक्यासाठी दोन वेगळे डबे ठेवावेत. एका झाकणाखाली दोन्ही कोंबले तर पायाच्या पट्टीने वाचविलेला आपला हात त्यांच्या हातावर भागविला जातो.

पायाचा डबा बिघडतो तो बहुधा एकाच रीतीने. मधल्या सुटीत कोणी पट्टीवर दोन्ही पायांनी उडी मारतो.  अधिक जोर दिला तरी झाकण अधिक उघडत नाही. तो सगळा जोर तारेवर येतो, तार वाकते आणि तिची परिणामी लांबी कमी होते. मग पट्टी पूर्ण दाबूनही झाकण अर्धेच उघडते, आणि डबा जुना झाला म्हणून अडगळीत जातो. डबा रिकामा आणि हलका असेल तर जोराच्या दाबाने त्याची मागची बाजू उचलली जाते आणि तो पुढे कलंडतो. तळाशी एखादी वीट ठेवली की तो जागचा हलत नाही. वाकलेली तार मात्र फेकून देण्याचे कारण नाही. डबा आडवा करावा, तारेचे खालचे टोक पट्टीच्या भोकातून काढावे, सपाट दगडावर ठेवून हातोडीने हलकेच सरळ करावे, आणि परत अडकविण्यापूर्वी खिळीवर खोबरेल नव्हे, तर यंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडावेत. खोबरेल थंडीत गोठते.